कुमारवयातील व्यायाम : पथ्य कोणी पाळावयाचे?

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांत येणाऱ्या रुग्णांच्या वयात जो बदल झाला आहे, तो बहुतेक वैद्यबंधुभगिनींच्या ध्यानात आला असेल. बारा ते अठरा या वयातील मुले पूर्वी ज्वर, कास, कामला अथवा त्वग्विकार घेऊन येत. आज त्याच वयाची मुले स्थौल्य, मलावष्टंभ, अनियमित आर्तव, पाठ व मान दुखणे, निद्रेची घडी विस्कटणे अशा तक्रारी घेऊन येतात. या तक्रारी सांगतात मात्र आई किंवा वडील. मूल शेजारच्या खुर्चीवर मान खाली घालून बसलेले असते. तक्रारीचा शेवट ठरलेला असतो : "वैद्यराज, हा दिवसभर जागचा हलत नाही. याला काहीतरी औषध द्या."

या एका वाक्यात संपूर्ण निदान आहे आणि संपूर्ण गैरसमजही आहे. हलत नाही हे निदान. त्यासाठी औषध द्यावे हा गैरसमज. या गैरसमजाला आपण वैद्य आणि आपले औषधविक्रेते बंधू कळत नकळत खतपाणी घालतो काय, याचा विचार करण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रश्नाची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सुधारित केलेल्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाचे शारीरिक श्रम घडले पाहिजेत आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व अस्थी यांना बळ देणाऱ्या हालचालीही व्हाव्यात. याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील अकरा ते सतरा वयाच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून नोव्हेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०१६ साली जगातील ८१ टक्के कुमार-कुमारींना एवढे श्रम घडत नव्हते. मुलांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींमध्ये ८५ टक्के होते. भारताचा आकडा सुमारे ७४ टक्के, म्हणजे जगाच्या मानाने थोडा बरा. त्याची कारणे सुचविताना संशोधकांनी मुलांच्या बाबतीत क्रिकेटसारख्या खेळाचा आणि मुलींच्या बाबतीत घरकामाचा उल्लेख केला. या दुसऱ्या कारणाकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

ही माहिती २०१६ पर्यंतची आहे. त्यानंतर मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षणाच्याच निमित्ताने भ्रमणध्वनी मुलांच्या हाती आला. शाळा पुन्हा उघडल्या, हातातील यंत्र मात्र हातातच राहिले.

याचे फलित काय, हे वैद्याला सांगावे लागत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण प्रौढांमध्ये ११.४ टक्के आढळले. आणखी १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंमध्ये बसण्याच्या व झोपण्याच्या सुखाला अग्रस्थान दिले आहे. त्या सुखाची सवय चाळिशीत लागत नाही, चौदाव्या वर्षी लागते.

"बाल" शब्दाचा पेच

येथे आपल्याच शास्त्रातील एक आक्षेप विचारात घेणे अवश्य आहे, कारण तो अभ्यासू वैद्यही उपस्थित करतात. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वाग्भटाने व्यायाम वर्ज्य असणाऱ्यांची गणना केली आहे. तीत वातपित्तरोगी, वृद्ध व अजीर्णी यांच्याबरोबर बालकही आहे. सुश्रुताच्या वयोविभागानुसार सोळा वर्षांच्या आतील व्यक्ती बाल ठरते. चरकही सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व मानतो. मग चौदा वर्षांच्या मुलाला व्यायाम सांगणे शास्त्रविरुद्ध नव्हे काय?

आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु त्याच अध्यायात वाग्भटाने ज्या व्यायामाचे वर्णन केले आहे, तो बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या पुरुषाने अर्धशक्तीपर्यंत करावयाचा आणि नंतर अंग मर्दून घ्यावयाचा, असा नियोजित शरीरश्रम आहे. तो आखाड्याचा व्यायाम आहे. बालकाने हालचाल करू नये असे वाग्भटाचे मत असते, तर बालोपचार सांगताना क्रीडाभूमी सपाट असावी, तीत खडे-दगड नसावेत, अशी काळजी त्याच्या परंपरेने घेतलीच नसती. ज्या शास्त्रात मुलाच्या खेळाच्या जागेचा विचार झाला आहे, त्या शास्त्राला खेळ संमत आहे हे उघड आहे. सुश्रुताने तर व्यायामाची मात्रा ठरविताना वय, बल, शरीर, देश, काल व आहार यांचा विचार करावयास सांगितला आहे. म्हणजे वय हा मात्रा ठरविण्याचा निकष आहे, बंदीचा हुकूम नव्हे.

प्रस्तुत लेखकाच्या मते यातून निघणारा अर्थ सरळ आहे. अपरिपक्व धातूंच्या वयात जड वजने उचलण्याची चढाओढ, पैज लावून काढलेल्या जोर-बैठका, किंवा मोठ्यांच्या स्पर्धेसाठीचा दमवणूक करणारा सराव ही वर्ज्य कोटीतील गोष्ट. धावणे, पोहणे, सायकल चालविणे, लंगडी, कबड्डी, खो-खो, नृत्य, माफक सूर्यनमस्कार ही मुलाच्या वयाला साजणारी चेष्टा. वाग्भटाच्या निषेधाचा आधार घेऊन दुसऱ्या प्रकारावर गदा आणणे म्हणजे वचनाचे अक्षर धरून आशय सोडणे होय.

मात्रा कशी ओळखावी, हेही शास्त्राने सांगितले आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागणे ही अर्धशक्तीची सुश्रुतोक्त खूण. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे याही खुणा परंपरेने सांगितल्या जातात. आधुनिक क्रीडावैद्यक मध्यम श्रमाची खूण सांगताना, बोलता येते पण गाता येत नाही, अशी अवस्था वर्णितात. पालकांना ही दोन्ही लक्षणे सांगावीत. त्यांना घड्याळ व यंत्रे यांची गरज उरत नाही.

पालकांचे पथ्य

आता मुख्य मुद्दा. मुलाला हलविण्यासाठी पालकांनी काय करावे? लेखकाचा अनुभव असा की, औषधपत्रिकेवर "रोज व्यायाम करणे" असे मुलाच्या नावे लिहिले, की ते पुढील भेटीपर्यंत विसरले जाते. कारण मुलाच्या दिवसावर मुलाचा ताबा नसतो. सकाळी शाळेची बस, दुपारी शिकवणी, संध्याकाळी दुसरी शिकवणी, रात्री गृहपाठ, हे वेळापत्रक पालकांनी आखलेले असते. मैदानाची वेळ त्यात कोठेच नसते आणि नंतर मूल आळशी असल्याचा ठपका मुलावरच येतो. म्हणून पथ्य पालकांच्या नावे लिहावे. ते पुढीलप्रमाणे असावे असे वाटते.

पहिले पथ्य वाणीचे. "जाड्या, जरा उठ", "शेजारचा बघ कसा धावतो" ही वाक्ये या वयात विषासमान ठरतात. कुमारवयातील मुलाला स्वतःच्या शरीराची जाणीव नुकतीच होत असते. उपहास झालेले शरीर मैदानावर न्यावयास ते धजत नाही. वजनकाट्याची चर्चा जेवणाच्या पंगतीत करू नये. व्यायामाचा हेतू सांगायचाच असेल, तर वाग्भटाने व्यायामाचे फल सांगताना ज्याचा उल्लेख केला आहे ते अंगाचे हलकेपण आणि कामाची उमेद सांगावी. वजनाचा विषय वैद्यावर सोपवावा.

दुसरे पथ्य आचरणाचे. रात्री जेवणानंतर वडील दूरदर्शनसमोर आणि आई भ्रमणध्वनीवर असताना मुलाला "बाहेर जा" म्हणण्यात अर्थ नाही. शतपावली ही आपल्या घरातील जुनी रीत आहे. ती सहकुटुंब केली, तर वीस मिनिटे चालणे होते आणि एरवी न होणारा संवादही होतो. मुले आज्ञा ऐकत नसली, तरी अनुकरण निश्चित करतात.

तिसरे पथ्य निवडीचे. कोणता खेळ खेळावयाचा हे मुलाने ठरवावे. वडिलांचे क्रिकेटमध्ये राहून गेलेले स्वप्न मुलावर लादले, की खेळही शिकवणीसारखा होतो. वैद्य येथे प्रकृतीविचाराने साहाय्य करू शकतो. कफप्रधान मुलाला एकट्याने धावावयास सांगितल्यास ते दोन दिवसांत सोडते. सवंगड्यांसह सांघिक खेळात त्याचे मन रमते आणि सुरुवातीचा जडपणा गेल्यावर त्याचे बल टिकते. वातप्रधान मुलाला ठरावीक वेळेची, संथ लयीची हालचाल मानवते. त्याला अभ्यंगाची जोड द्यावी. पित्तप्रधान मूल चुरशीत भान विसरते, म्हणून त्याला पोहण्यासारखा शीत व्यायाम किंवा सकाळची वेळ सुचवावी. ही विभागणी काटेकोर नियम म्हणून मांडत नाही, परंतु मुलाला "हे माझ्यासाठी सांगितले आहे" असे वाटण्यास ती पुरेशी आहे.

चौथे पथ्य वाहनाचे. दीड किलोमीटरवरील शिकवणीला मुलाला दुचाकीवरून सोडणे हे प्रेमाचे लक्षण समजले जाते. रस्ता सुरक्षित असेल तेथे मुलाला चालत वा सायकलने जाऊ द्यावे. जाऊन-येऊन अर्धा तास येथेच साधतो आणि त्यासाठी वेगळी वेळ काढावी लागत नाही. रस्ता सुरक्षित नसेल, तर सोसायटीतील चार-पाच घरांनी मिळून एका मोठ्या माणसाच्या सोबतीने मुलांना पायी पाठवावे.

पाचवे पथ्य घरकामाचे. भारतीय मुलींच्या श्रमाचे कारण म्हणून घरकामाचा उल्लेख झाला, हे वर आलेच आहे. यात भूषण मानावे की खेद, हा प्रश्न आहे. मुलीने कपडे धुवावेत, पाणी भरावे आणि मुलाने क्रिकेट खेळावे, ही वाटणी न्याय्य नव्हे. घरातील श्रमाची कामे मुलगा व मुलगी दोघांनाही सारखी द्यावीत आणि मैदानही दोघांना सारखे द्यावे. सुश्रुताने निर्धन प्रमेहरोग्याला शंभर योजने चालण्याचा किंवा विहीर खणण्याचा उपाय सुचविला आहे. उपयुक्त श्रम हीही चिकित्सा आहे, हे यातून आपण शिकावे.

सहावे पथ्य निद्रेचे. रात्री एकपर्यंत जागणारे मूल सकाळी सहाला मैदानावर येणार नाही. आले, तरी त्या श्रमाने वातवृद्धीच होईल. रात्री ठरावीक वेळी घरातील सर्वांचे भ्रमणध्वनी एका जागी ठेवण्याचा नियम करावा. 'सर्वांचे' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे.

मुलींविषयी थोडे अधिक

रजोदर्शनानंतर मुलीचा खेळ बंद होतो, ही गोष्ट आपल्या समाजात इतकी अंगवळणी पडली आहे की तिची कारणेही कोणी विचारीत नाही. रजस्वलाचर्येत सांगितलेली विश्रांती त्या तीन दिवसांची आहे. महिन्याच्या उरलेल्या दिवसांचा निषेध शास्त्रात कोठेही नाही. त्या तीन दिवसांतही मुलीला वाटेल तेवढे चालण्यास मज्जाव करू नये. अनियमित आर्तव व वजनवाढ घेऊन येणाऱ्या मुलीला आपण काढे व गुग्गुळकल्प देतो, परंतु तिने खेळणे केव्हा सोडले, हे विचारत नाही. हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जावा.

खेळाला जागा व सोबत हवी, हे खरे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला व पुरुष या दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळविले. त्यांचे कर्णधार अनुक्रमे प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर हे महाराष्ट्राचेच खेळाडू. त्याआधी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सातारा जिल्ह्यातील माणसारख्या दुष्काळी तालुक्यातून आलेली ललिता बाबर तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. ही उदाहरणे सर्व मुलींनी विजेत्या व्हावे म्हणून देत नाही. मुलीला मैदान शोभत नाही असे म्हणणाऱ्या आजीला उत्तर द्यावयास ती उपयोगी पडतात.

दहावीचे वर्ष

पालकांचा सर्वांत मोठा अडसर म्हणजे दहावी. "एक वर्ष खेळ बंद, मग काय करायचे ते कर" हे वाक्य घरोघरी उच्चारले जाते. नंतर बारावी येते, त्यानंतर प्रवेशपरीक्षा, आणि ते एक वर्ष चार वर्षांचे होते. क्रीडागुणांची सवलत स्पर्धेत चमकणाऱ्या थोड्या मुलांसाठी आहे. बाकीच्या मुलांना खेळाचा लाभ गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून तो कोणालाच दिसत नाही.

येथे वैद्याने अधिकारवाणीने सांगावे की, सलग तीन-चार तास बसून राहणाऱ्या मुलाचा अग्नी मंदावतो, मलप्रवृत्ती बिघडते, डोके जड होते आणि त्या जडपणालाच पालक "अभ्यासाचा ताण" समजतात. परीक्षेच्या वर्षात खेळ कमी करावा लागल्यास करावा, बंद करू नये. दर पाऊण तासाने उठून जिना चढउतार, सकाळी बारा सूर्यनमस्कार आणि संध्याकाळी अर्धा तास मित्रांबरोबर मोकळा खेळ एवढे परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही शक्य आहे.

अतिरेकाची दुसरी बाजू

याच वयातील काही मुले उलट टोकाला जातात. आरशासमोर दंड मोजणारा सोळा वर्षांचा मुलगा व्यायामशाळेत दोन-दोन तास घालवितो आणि प्रथिनांची डबाबंद चूर्णे कोणाच्याही सल्ल्याविना घेतो. चरकाने अतिव्यायामाचे दुष्परिणाम सांगताना श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक श्वास, कास, ज्वर व छर्दी यांची गणना केली आहे. हेमंत, शिशिर व वसंतात अर्धशक्ती, अन्य ऋतूंत त्याहून कमी, ही ऋतुचर्या विदर्भ-मराठवाड्याच्या वैशाखात विशेष ध्यानी धरावी. दम लागणे, छातीत दुखणे, भोवळ येणे, सांध्यावर सूज अशी लक्षणे असणाऱ्या मुलाची प्रथम पूर्ण तपासणी व्हावी आणि आवश्यक तेथे हृद्रोग वा अस्थिरोगतज्ज्ञांकडे विनासंकोच पाठवावे.

औषधनिर्माते व विक्रेते यांस निवेदन

या नियतकालिकाच्या वाचकांत औषधालयांचे चालक मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या गल्ल्यावर उभे राहिलेल्या पालकांना दोन वस्तू हव्या असतात : एक उंची वाढविणारी, दुसरी चरबी झडविणारी. मागणी आहे म्हणून पुरवठा, हा व्यापाराचा नियम मान्य. तथापि औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या परिशिष्टात स्थौल्य, मधुमेह आणि माणसाची उंची या तिन्हींचा समावेश आहे, याचे स्मरण द्यावेसे वाटते. या विषयांवर लोकांपुढे उपचाराच्या जाहिराती करण्यास कायद्याने मनाई आहे. "व्यायामाविना बारीक व्हा" असा फलक दुकानात लावणे केवळ अशास्त्रीय नाही, तर बेकायदाही आहे.

मेदोहर गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ, आरोग्यवर्धिनी ही उत्तम औषधे आहेत. योग्य निदानानंतर, योग्य मात्रेत आणि वैद्याच्या देखरेखीखाली ती द्यावीत. वाढत्या वयाच्या मुलाला ती गल्ल्यावरून, वैद्याच्या पत्रिकेविना, महिनोन्महिने देणे हे औषधाच्या आणि शास्त्राच्याही प्रतिष्ठेला बाधक आहे. निदानपरिवर्जन झाले नाही, तर औषध अपयशी ठरते आणि ठपका आयुर्वेदावर येतो. यात विक्रेत्याचे तात्कालिक नुकसान होईल, हे नाकारता येत नाही. परंतु मूल खेळू लागले, भूक सुधारली, झोप लागू लागली, तर ते कुटुंब पुढील वीस वर्षे त्याच दुकानाची पायरी चढेल.

आपल्याला करता येण्याजोगे

महाराष्ट्राला या बाबतीत परंपरेची वाण नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून आणि दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून हे काम करीत आहे. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले. गावोगावी तालमी व मंडळे आजही उभी आहेत. त्यांच्याकडे मुलांना पाठविणारे हात कमी पडत आहेत. ते हात आपले होऊ शकतात.

प्रत्येक वैद्याने आपल्या परिसरातील मैदाने, तालमी, पोहण्याचे तलाव आणि मुलींसाठी सोयीची क्रीडामंडळे यांची यादी वेळांसह भिंतीवर लावावी. कुमारवयीन रुग्णाच्या पत्रकावर तीन प्रश्न कायम असावेत : शाळेतून घरी कसा येतोस, घाम येईपर्यंत शेवटचे केव्हा खेळलास, आणि घरात आणखी कोण व्यायाम करते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांकडे पाहून घ्यावे. औषधपत्रिकेवर औषधांच्या आधी पालकांच्या नावे एक पथ्य लिहावे, फक्त एक, आणि पुढील भेटीत नाडी पाहण्यापूर्वी त्याचीच चौकशी करावी. आपल्या संघटनेच्या शाखांनी वर्षातून एकदा शेजारच्या शाळेत पालकसभा घेतली, तर ते कार्य शिबिरातील शंभर बाटल्यांच्या वाटपाहून मोलाचे ठरेल.

स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन म्हणून आपण पाठ केले आहे. चौदा वर्षांचा, अद्याप निरोगी असलेला, खुर्चीत मान खाली घालून बसलेला मुलगा हाच तो स्वस्थ. त्याला रुग्ण होऊ न देणे हे वैद्य, विक्रेता आणि पालक या तिघांच्या हाती आहे. वैद्याने या कामी पुढाकार घ्यावा, एवढीच नम्र विनंती.